तसबिरीच्या पाठीवरचें नांव

जालन्याहून मंठ्याकडे जातांना वाटूर लागतें. फाट्यावर चहाच्या टपऱ्या आणि परतुराकडे वळणाऱ्या गाड्या यांची इतकी दाटी असते कीं, पुष्कळ प्रवासी गांव न पाहतांच पुढें निघून जातात. हा परतूर तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; नंतर तो परभणी जिल्ह्यांत राहिला, आणि १९८१ सालीं नव्या जालना जिल्ह्यास जोडला गेला. मी तेथें गेलों तें कांहीं इतिहास शोधावयास नव्हे. एका स्नेह्याच्या घरीं कार्य होतें, एवढेंच निमित्त.

त्या घराच्या ओसरीवर, देवळीच्या वरच्या अंगास, एक लहानशी तसबीर टांगलेली होती. तिशीच्या आसपासचा पुरुष, डोक्यास पागोटें, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर थोडी बाजूस. कांचेला तडा गेलेला, चौकटीच्या पाठीमागचा कागद वाळवीनें खाल्लेला. घरच्या आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. दर पितृपंधरवड्यांत ही तसबीर खालीं उतरवून तिला फुलें वाहावयाचीं, हा त्यांचा सासरीं आल्यापासूनचा नेम. तसबीर कोणाची, असें विचारतां त्या म्हणाल्या, "आमच्या आजेसासऱ्याच्या बापाची. जालन्याच्या छावणींत होते. मोठ्या दुकळांत गेले." मोठा दुष्काळ म्हणजे १८७६-७८ चा. मी जालन्यास परतणार होतों, म्हणून कांच बदलून आणण्याचें काम माझ्याकडे आलें.

जालन्यांत चौकटी करणाऱ्या कारागिरानें तसबीर बाहेर काढली, नव्या चौकटीवर ठेवून पाहिली, आणि कडा थोड्या मोठ्या पडतात असें म्हणून कात्री उचलली. मीं त्याचा हात धरला नसता, तर हें भाषण झालें नसतें. त्याचा दोष नाहीं. गिऱ्हाईक तेंच सांगतें. अशा कात्रीखालीं किती कार्डांची पाठ नि तळ गेला असेल, त्याची गणती नाहीं.

पुठ्ठा उलटून पाहतों तों पाठीवर वेलबुट्टीच्या इंग्रजी अक्षरांत छापलेलें नांव: राजा दीनदयाळ अँड सन्स. खालीं सिकंदराबाद आणि मुंबई.

आतां हा पुठ्ठा म्हणजे काय, तें थोडें सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फोटो छापावयाचा तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर. ही कृति ब्लांकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थानें १८५० सालीं प्रसिद्ध केली. असा कागद चांदीच्या क्षारांत न्हाऊन, कांचेच्या उलट्या चित्राखालीं ठेवून उन्हांत धरावयाचा. मग सोन्याच्या क्षाराच्या पाण्यांत रंग पक्का करावयाचा. चित्र सुरेख येई. पण कागद इतका पातळ कीं, तो सुटा ठेवला तर सुरळी होई. म्हणून त्यास पुठ्ठ्यावर चिकटविणें भाग पडे. प्रथम पॅरिसच्या दिस्देरीनें १८५४ सालीं भेटपत्रिकेएवढ्या कार्डाचें पेटंट घेतलें. १८६६ च्या सुमारास लंडनच्या विंडो नांवाच्या छायाचित्रकारानें मोठें कार्ड पुढें आणलें. रुंदी सव्वाचार इंच, उंची साडेसहा इंच. दिवाणखान्यांतील कपाटावर मांडावयाजोगें, म्हणून तें कॅबिनेट. पुठ्ठा आला तशी त्याची कोरी पाठही आली, आणि कोरी जागा व्यापाऱ्याच्या डोळ्यास खुपतेच. तेथें नांव, पत्ता, पदकें, राजाश्रय, सारें छापलें जाऊं लागलें. कागद टिकावा म्हणून लावलेला आधार अशा रीतीनें धंद्याचें बखरपत्र होऊन बसला.

या पाठीवरून काळ काढण्याची एक विद्या आहे. आरंभींचीं कार्डें पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचीं. पुढें पुठ्ठा जाड झाला, कोपरे गोल झाले, कडांस सोनेरी मुलामा चढला, पाठीवरची नक्षी फुगत गेली. पुष्कळ पुठ्ठे परदेशांतून छापून येत. तळाशीं बारीक अक्षरांत लंडनच्या मॅरियनचें किंवा व्हिएन्नाच्या बर्नहार्ड वाख्टलचें नांव सांपडतें. मात्र एवढ्यावर विसंबून निर्णय देणारा फसतो. कारण एकदां मागविलेला गठ्ठा संपेपर्यंत दुकानदार तो वापरतोच. अधिक भरवशाची खूण म्हणजे छापलेल्या मजकुरांतील दुकानें आणि पदव्या. दुकान उघडण्यापूर्वीं त्याचा पत्ता कोणी छापत नाहीं.

येथें दीनदयाळांचें चरित्र उपयोगीं पडतें. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याच्या जैन कुटुंबांत. रुडकीच्या थॉमसन कॉलेजांत स्थापत्याचें शिक्षण, आणि १८६६ च्या सुमारास इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नोकरी. म्हणजे हा माणूस प्रथम मोजणीदार-नकाशे काढणारा. कॅमेरा त्यानें १८७४ च्या सुमारास हातीं घेतला. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यानें जुन्या वास्तूंचीं चित्रें घेतलीं. पुढें नोकरी सोडली, निजाम महबूब अलीखान यांचा आश्रय मिळाला, सिकंदराबादेस चित्रशाळा उभी राहिली, 'राजा' हा किताब आला. १८९२ सालीं हैदराबादेंत पडद्यांतील स्त्रियांसाठीं निराळी चित्रशाळा निघाली, आणि ती चालविण्यास मिसेस केनी-लेव्हिक या बाईंची नेमणूक झाली. मुंबईचें दुकान १८९६ चें. व्हिक्टोरिया राणीची सनद १८९७ ची. दीनदयाळ १९०५ सालीं वारले. आपल्या मराठवाड्याशींही त्यांचा संबंध आहे. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद येथील त्यांचीं चित्रें प्रसिद्ध आहेत. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत औरंगाबादेकडे चाललेल्या मदतकार्याचीं छायाचित्रेंही त्यांच्या चित्रशाळेनें घेतलीं. इंदूरच्या मोजणीदारापासून दरबारी राजापर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे वाटतें, चरित्र लिहावें तें या माणसाचें.

माझा हिशेब सोपा होता. पाठीवर मुंबई आहे; मुंबईचें दुकान १८९६ चें; तेव्हां हें कार्ड १८९६ नंतरचें. जो गृहस्थ १८७६-७८ च्या दुष्काळांत वारला, तो वीस वर्षांनंतर खुर्चीवर हात ठेवून उभा कसा राहील? तसबीर बापाची नव्हे, बहुधा मुलाची. जालन्याहून सिकंदराबादेच्या दुकानाशीं संबंध येण्यासही अडचण नव्हती. हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजा बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली या छावण्यांतून फिरत असत. आणि मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालना-परतुरावरून १९०० सालीं सुरू झाला. सारें जुळत होतें. मला आनंद झाला. शोधाचा आनंद फार उतावळा असतो. मीं नवी चौकट घेऊन वाटूर गांठलें, आणि आजीबाईंस सर्व समजावून सांगितलें.

त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग तसबिरीकडे पाहत म्हणाल्या, "मंग इतके वरीस म्या फुलं कोणाला वाह्यली, भाऊ?"

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घरांतील मंडळी हंसून म्हणालीं, अहो, एकाच कुळाचा पुरुष तो, फुलें पोंचलींच म्हणावयाचीं. परंतु आजीबाई हंसल्या नाहींत. ज्याला त्यांनीं पाहिलें नाहीं, पण साठ वर्षें ज्याचा चेहरा पुसून स्वच्छ ठेवला, त्याचें नांव मीं एका दुपारीं काढून घेतलें होतें. परततांना वाटेंत मला माझ्या विद्येची लाज वाटली.

त्यानंतर मी या छायाचित्रकारांच्या मागें लागलों. खरें सांगावयाचें तर दीनदयाळांसारखा मनुष्य अपवाद. बाकीच्यांचा माग काढणें म्हणजे ओढ्याच्या वाळूंत पाऊल शोधणें. वर्षवार छापलेल्या डिरेक्टऱ्या, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाची किंवा थॅकरची, पाहाव्या. नांव कोणत्या सालीं उगवतें, पत्ता केव्हां बदलतो आणि कोणत्या सालीं नांव मावळतें, तें टिपावें. नांवाचें इंग्रजी लेखन ज्याच्या त्याच्या मर्जीचें. एकच गृहस्थ चार अक्षरांखालीं चार माणसें होऊन बसतो. आणि चित्रशाळेंत कांचा धुणारे, कागद उन्हांत धरणारे, चेहऱ्यावरचे डाग पुसून रंग भरणारे जे कारागीर, त्यांचें नांव पाठीवर कधींच नसतें.

जें सांपडतें तें भलत्याच ठिकाणीं सांपडतें. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ सालीं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिच्या कारभारी मंडळांत होते. नारायण दाजी धंद्यानें वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले. म्हणून त्यांचा शोध वैद्यकाच्या कागदांतही घ्यावा लागतो. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्यांत शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत नामांकित दुकान चालविलें आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत आपलीं चित्रें मांडलीं. याच गृहस्थांनीं १८७४ सालीं लंडनमध्यें भगवद्गीतेवर इंग्रजी विवरण प्रसिद्ध केलें! १८७९ सालीं कर्नल ऑल्कट आणि ब्लाव्हाट्स्कीबाई मुंबईस उतरले, तेव्हां त्यांची व्यवस्था पाहणारे तेच. आणि त्या व्यवस्थेचें बिल हातीं पडतांच पाहुण्यांचें व त्यांचें वांकडें आलें. ही हकीगत ऑल्कट यांनीं आपल्या आठवणींत तपशिलानें लिहून ठेविली आहे. पण ती फिर्यादीची बाजू. ज्यानें शेंकडों लोकांचे चेहरे जपले, त्याच्या स्वभावाविषयीं बोलावयास आज त्याच्याशीं भांडलेला मनुष्यच पुढें येतो. वाचतांना हें विसरूं नये.

या वाचनांतच एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली, आणि ती आधींच यावयास हवी होती. कार्डांच्या पाठीवर पुष्कळदां एक ओळ असते: मूळ कांचा जपून ठेविल्या आहेत, प्रती केव्हांही मिळतील. दुसऱ्याचीं जुनीं चित्रें समोर ठेवून त्यांचीच नवी नक्कल काढून देणें, हाही या दुकानांचा नेहमींचा धंदा होता. बाप वारलेला, त्याचें एकुलतें एक विटलेलें कार्ड मुलगा घेऊन येई, आणि दुकानदार त्याचा फोटो घेऊन नव्या पुठ्ठ्यावर लावून देई. तेव्हां १८९६ हें साल पुठ्ठ्याचें झालें. खुर्चीपाशीं उभ्या राहिलेल्या माणसाचें नव्हे.

नकलेच्या कांहीं खुणा असतात. छाया-प्रकाशाच्या मधल्या छटा नाहींशा होतात, पागोट्याचे पदर एकमेकांत मिसळतात, कापडाची वीण दिसत नाहीं. क्वचित् मूळ कार्डाची कड चित्राच्या कडेस डोकावते. मी भिंग घेऊन पुन्हा वाटुरास गेलों. आजीबाईंनीं तसबीर उतरवून दिली, पण या वेळीं जरा नाखुषीनें. तें बरोबरच होतें.

ओसरीच्या उजेडांत कार्ड धरलें. चेहऱ्यावर एकसारखी भुरकट छाया. हाताचीं बोटें खुर्चीच्या लांकडांत विरलेलीं. हें जुनेपणाचेंही लक्षण असूं शकतें, म्हणून मीं मोजलें नाहीं. पण चित्राच्या डाव्या कोपऱ्यांत, खुर्चीच्या पायाखालीं, पांढुरकी आडवी रेघ होती, आणि तिच्या टोकास केसाएवढी तिरपी काळी सावली. मीं पुष्कळ वेळ पाहिलें, मग स्नेह्याच्या मुलास पाहावयास दिलें. त्यानें क्षणांत सांगितलें, "टाचणी आहे."

टाचणीच होती. कोणीतरी एक जुनें कार्ड फळीवर टाचणीनें बसविलें होतें, आणि त्याचा फोटो घेतला होता. कड पुरती झांकावयास कारागीर विसरला, किंवा त्याला ती दिसली नाहीं. त्या विसराळू माणसाचें नांव पाठीवर नाहीं.

दीनदयाळांच्या कांचेच्या मूळ चित्रांपैकीं २,८५७ आज दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रांत आहेत. १९८९ सालीं तीं तेथें आलीं. वाटूरच्या कार्डाची कांच त्यांत असेल असें मानण्यास आधार नाहीं, आणि तिची आतां तितकी गरजही नाहीं. जिवंत माणूस दुकानांत येऊन उभा राहिला असता, तर टाचणी लागली नसती. चित्र कार्डाहून जुनें आहे. कुटुंबाचें म्हणणें खोटें ठरविण्याचा माझा आधार गेला. तें खरें ठरलें असें मात्र मीं आजीबाईंस सांगितलें नाहीं. एवढेंच म्हणालों कीं, मागच्या खेपेस मी बोललों तें चुकीचें होतें. कोणी मुलानें आपल्या वडील माणसाचा जुना फोटो नव्यानें करून घेतला असावा.

त्यांनीं पदरानें कांच पुसली. म्हणाल्या, "आजेसासऱ्यानंच केला असंल. बाप गेला तवा ते लहान होते म्हणत." मग मला कागद आणावयास सांगितलें, आणि बापाचें नांव, मुलाचें नांव, दोन्हीं सांगितलीं. मीं तीं शिसपेन्सिलीनें एका कोऱ्या कागदावर लिहून, कार्डाच्या पाठीशीं, दीनदयाळांच्या नांवावर न चिकटवितां, चौकटींत सरकवून ठेविलीं.