कोकणातील घरे आणि लाकडावरची बुरशी

कोकण किनाऱ्यावर वर्षाकाठी साधारणपणे अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि या काळात हवा दिवसचे दिवस दमट राहते. तरीही या प्रदेशातील घरांचे खांब, तुळया, वासे, दारे आणि देव्हारे शतकानुशतके लाकडाचेच राहिले. त्याचे श्रेय बुरशी पुसून काढण्याच्या युक्त्यांना फारसे नाही, तर लाकूड ओले राहूच न देण्याच्या बांधकामाच्या रीतीला आहे. लाकडाला लावायची तेले आणि लेप हा या इतिहासाचा दुय्यम भाग होय, जरी आज तोच मुख्य समजला जातो.

लाकडावर वाढणारी बुरशी दोन प्रकारची असते आणि त्यांतला फरक ध्यानात घेतल्याशिवाय जुन्या रीतींचा अर्थ लागत नाही. पहिली वरवरची बुरशी. ती हिरवी, काळी किंवा पांढुरकी दिसते, लाकडाच्या पृष्ठभागावरील साखर, स्टार्च, धूळ आणि हाताचा तेलकटपणा यांवर जगते आणि लाकडाच्या बळाला सहसा धक्का लावत नाही. हवेतील आर्द्रता बराच काळ ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली की तिला पुरते. दुसरी कुजवणारी बुरशी, जी लाकडाचे तंतूच खाऊन टाकते. तिला मात्र लाकडाच्या आत पाणी लागते, आणि लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांखाली राहिला तर ती वाढू शकत नाही. पहिली बुरशी दिसली म्हणजे दुसरी आहेच असे नव्हे, परंतु दुसरीला हवी असलेली परिस्थिती जवळ आली आहे, एवढी सूचना ती नक्कीच देते.

कोकणी घराची रचना या दोन्ही शत्रूंना गृहीत धरून झालेली दिसते. घर जांभ्या दगडाच्या उंच जोत्यावर उभे राही; लाकडी खांब जमिनीत न पुरता तळखड्यावर, म्हणजे खांबाखाली बसवलेल्या दगडी बैठकीवर, ठेवला जाई, त्यामुळे जमिनीतील ओल खांबाच्या बुडातून वर चढत नसे. लाकडाचा आडवा काप पाणी सर्वांत वेगाने शोषतो, हे सुताराला कोणी शास्त्र म्हणून शिकवले नव्हते, पण खांबाचे बूड आधी कुजते हे त्याने पाहिले होते. छपराची उतरण तीव्र आणि वळचण बरीच पुढे आलेली असल्याने पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, आणि घराला वेढणारी पडवी पावसाचा मारा स्वतःवर घेऊन माजघर कोरडे ठेवी. ज्या बाजूने वारा पाऊस आत आणतो, त्या बाजूला पावसाळ्यापुरती झावळ्यांची झापे बांधली जात आणि पाऊस सरल्यावर सोडली जात. छपरावर आधी गवत किंवा पेंढा आणि नंतर नळीची कौले असत. 1865 साली मंगळूरला बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर सपाट, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले किनाऱ्यावर पसरली. कोणत्याही कौलांच्या सांध्यांतून थोडी हवा खेळतच असे, आणि वाशांच्या दीर्घायुष्यात या फटींचा वाटा मोठा होता.

लाकडाची निवड हा रचनेइतकाच महत्त्वाचा भाग होता. साग, फणस, ऐन आणि किंजळ ही इमारतीची झाडे मानली जात, आणि त्यांतही झाडाचा गाभा घेऊन बाहेरचा फिका थर, ज्याला वनस्पतिशास्त्रात रसकाष्ठ म्हणतात, तासून टाकण्याकडे जाणत्या सुताराचा कल असे. जिवंत झाडात रस वाहून नेणारा हा थर स्टार्चने भरलेला असल्याने बुरशी आणि भुंगा दोघेही आधी तिथेच शिरतात, तर सागाच्या गाभ्यातील तेलकट द्रव्ये आणि क्विनोन वर्गातील संयुगे बुरशीला मारक ठरतात. आंब्याची फळी स्वस्त आणि सहज मिळणारी असली तरी ती लवकर डागाळते, म्हणून ती जिथे बदलता येईल तिथेच वापरणे शहाणपणाचे. बांबू बरेच दिवस पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धतही याच अनुभवातून आली असावी, कारण त्या काळात त्यातील साखर आणि स्टार्चचा काही अंश निघून जातो. वद्य पक्षात तोडलेले लाकूड किडत नाही ही समजूत मात्र निराळी आहे. तोड कोणत्या ऋतूत झाली याचा टिकाऊपणाशी संबंध दाखवता येतो, चंद्राच्या कलांचा तितक्या खात्रीने दाखवता येत नाही.

स्वयंपाकघरातील चूल ही या व्यवस्थेतली सर्वांत कमी दखल घेतली गेलेली गोष्ट आहे. चुलीला धुराडे क्वचितच असे, त्यामुळे धूर माळ्यावर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडे, आणि जाताना वाशांवर काजळी व डांबरासारख्या द्रव्यांचा थर चढवी. लाकडाच्या धुरात फिनॉल वर्गातील द्रव्ये असतात, जी बुरशी आणि किडे या दोघांनाही अडवतात, आणि शिवाय ऐन पावसाळ्यातही चुलीची ऊब माळ्यावरची हवा रोज काही तास कोरडी करीत असे. स्वयंपाकघरावरचे काळेकुट्ट वासे मजबूत आणि देवघरावरचे स्वच्छ वासे पोखरलेले, असे चित्र जुन्या घरांत दिसले तर त्याचे कारण या धुरातच शोधावे लागते. अर्थात याच धुराने घरातील स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे खराब केली, आणि लाकूड टिकले म्हणून चुलीचे गोडवे गाणे हा इतिहासलेखनातला दुष्टपणा ठरेल.

तेलांचा क्रम यानंतर येतो. ब्राझीलमधले काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्याच्या आणि मलबारच्या किनाऱ्यावर आणले, आणि त्याच्या टरफलातून निघणारे दाहक, काळपट तेल होड्यांना व इमारती लाकडाला लावण्याची रीत पुढे किनाऱ्यावर रूढ झाली. हे तेल कातडी भाजते, आणि त्यातील जी आम्ले त्वचेला झोंबतात तीच बुरशीलाही नकोशी असतात. बिब्बा याच कुळातला. जवसाचे तेल मात्र वेगळ्या स्वभावाचे आहे: उकळून लावले तर ते सुकून पापुद्रा धरते आणि पाणी अडवते, परंतु कच्चे लावले तर ते दीर्घकाळ चिकट राहून बुरशीचे खाद्यच बनते. दमट हवेत तेल पाजलेल्या दारावर काळे ठिपके उठतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

लाकूड आणि ओल यांच्या झगड्याचा एक मोठा अध्याय समुद्रावर घडला आणि त्यात मुंबईचा वाटा होता. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात ब्रिटिश आरमाराने घाईने, पुरते न सुकलेले ओक लाकूड वापरून जहाजे बांधली, आणि 1810 साली डेप्टफर्डला पाण्यात उतरवलेली क्वीन शार्लट ही शंभर तोफांची नौका थोड्याच काळात आतून इतकी कुजली की बुरशींचे अभ्यासक जेम्स सॉवरबी यांना तिच्या तपासणीसाठी बोलवावे लागले. याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी मलबारी सागातून जहाजे बांधत होते. त्यांच्या हाताखाली तयार होऊन 1817 साली पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगती आहे.

युरोपने ओक कुजण्याचा प्रश्न विषाने सोडवण्याचा प्रयत्न केला. 1832 साली जॉन हॉवर्ड कायन यांनी पाऱ्याच्या क्षारात लाकूड भिजवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि 1838 साली जॉन बेथेल यांनी कोळशाच्या डांबरातून मिळणारे क्रिओसोट तेल दाबाखाली लाकडात घालण्याची पद्धत नोंदवली. रेल्वेच्या स्लीपरांचे आयुष्य वाढवण्यात या दुसऱ्या पद्धतीचा हात मोठा होता. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण मात्र भारतात जन्मले: देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी 1933 साली ते शोधले, आणि पुढे ते जगभर कुंपणापासून खेळाच्या मैदानापर्यंत सर्वत्र वापरले गेले. त्यातील आर्सेनिक मातीत उतरते हे ध्यानात आल्यावर 2003 च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबवण्यात आले. त्यामानाने टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि त्याचे बोरिक आम्ल हे सौम्य औषध घरात अधिक शोभते, मात्र ते पाण्यात विरघळते आणि म्हणून छपराखालच्या कोरड्या लाकडातच टिकते.

विसाव्या शतकात सिमेंटची गच्ची आली, गॅसची शेगडी आली, खिडक्या घट्ट मिटू लागल्या, आणि जोते, वळचण, फट व धूर यांनी मिळून सांभाळलेले काम एकाएकी उघड्यावर पडले. ते रंगाच्या डब्यावर आणि बाटलीतल्या औषधावर सोपवण्यात आले. ब्लीच बुरशीचा रंग उडवते, पण त्यातले पाणी लाकडात मुरते आणि डाग काही आठवड्यांत परत येतात. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बुरशी टिपून घेणे, नंतर आश्विनातल्या उन्हात लाकूड पूर्ण वाळवणे आणि मगच उकळलेले तेल किंवा पॉलिश देणे, हा क्रम अजूनही त्यापेक्षा चांगला. कोरड्या ब्रशने घासणे टाळावे, कारण त्याने बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. ज्या कपाटाची पाठ पावसाच्या बाजूच्या भिंतीला चिकटून आहे, ते चार बोटे पुढे ओढले नाही तर यांपैकी कोणताच उपाय पुढच्या श्रावणापलीकडे टिकत नाही.