वय वाढताना निरोगी स्नायूंच्या आत काय बदलते?

मधुमेह नाही, रक्तदाब नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरीही साठीनंतर जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. याचे कारण स्नायूंच्या पेशींत असते. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर कमी होते.

ऊर्जा कमी पडते

पेशीतील मायटोकॉन्ड्रिया अन्नापासून ऊर्जा तयार करतात. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या संशोधकांनी २० ते ८७ वयाच्या ५८ निरोगी व्यक्तींच्या मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाढत्या वयाबरोबर मायटोकॉन्ड्रियातील प्रथिने कमी झालेली दिसली.

दुरुस्ती मंदावते

स्नायूतील प्रथिने रोज तुटतात आणि नव्याने बनतात. जेवणातील ल्युसीन हे अमिनो आम्ल आणि व्यायामाचा ताण यांमुळे पेशीतील ‘एमटॉर’ हे प्रथिन सक्रिय होते व बांधणी सुरू होते. उतारवयात तेवढ्याच आहाराला स्नायू कमी प्रतिसाद देतो. शिवाय वेगाने आकुंचन पावणारे तंतू बारीक होतात आणि त्यांच्याजवळच्या, झीज भरून काढणाऱ्या सॅटेलाइट पेशीही घटतात. पाय घसरल्यावर आपल्याला सावरतात ते हेच तंतू. म्हणून पडण्याचा धोका वाढतो.

मग उपाय काय?

प्रतिसाद कमी होतो, संपत नाही. १९९० मध्ये बोस्टनमधील एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे वजनाचे व्यायाम केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

• आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा: खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर. केवळ चालणे पुरेसे नाही.
• दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्या. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. किडनीचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

घरी एक चाचणी करा. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.