अंगण नसलेल्यांची मोटार

नव्या वाहनाची चर्चा निघाली म्हणजे लोक त्याच्या वेगाविषयी व किमतीविषयी बोलतात. रात्री ते कोठे उभे राहणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. विजेच्या मोटारीच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न प्रारंभापासून मुळाशी आहे, असे तिचा इतिहास पाहता आम्हांस वाटते. ज्याच्या घरास अंगण आहे, त्याची मोटार तो झोपेत असताना चार्ज होते. ज्याचे दार थेट रस्त्यावर उघडते, त्याने काय करावे?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये वॉल्टर बर्सी यांच्या विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. त्यांच्या गुणगुणण्यावरून लोक त्यांस 'हमिंगबर्ड' म्हणत. लॅम्बेथ येथील आगारात पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने गाडीची रिकामी बॅटरी उतरवून भरलेली चढविली जाई. ही कंपनी दोन वर्षांत बंद पडली. परंतु कल्पना टिकली. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील वीज कंपनीने १९१० ते १९२४ या काळात ती पुन्हा चालविली. ग्राहकाने गाडी बॅटरीवाचून विकत घ्यावी आणि भरलेली बॅटरी कंपनीकडून बदलून घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. तिच्या आधारे गाड्या साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. त्याच काळी अमेरिकेतील मोठ्या शहरांत विजेच्या मोटारींसाठी सार्वजनिक गॅरेजे होती. मालकाने रात्री मोटार तेथे सोडावी व सकाळी भरलेली, धुतलेली परत न्यावी, असा प्रघात होता.

पुढे पेट्रोलने ही सारी व्यवस्था मोडून काढली. त्याची कारणे अनेक सांगतात. फोर्डची मोटार स्वस्त झाली. १९१२ पासून कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आल्यामुळे हँडल मारण्याचा त्रास टळला. आणखी एक कारण आम्हांस महत्त्वाचे वाटते. पेट्रोल डब्यातून कोठेही नेता येते. पंपावर बंगलेवाला व बिऱ्हाडकरू एकाच रांगेत, एकाच दराने उभे राहिले. अंगणाचा भेद तेथे नाहीसा झाला.

वीज परत आली, तेव्हा तो भेदही परत आला. बंगळुरात तयार होणारी 'रेवा' मोटार २००४ पासून लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने विकली जाऊ लागली. तेथील जुनी घरे एकमेकांस लागून ओळीने उभी आहेत. ती मोटारीच्या जन्मापूर्वी बांधली गेली, तेव्हा त्यांस वाहनाची जागा कोठून असणार? ब्रिटनमधील सुमारे एक तृतीयांश कुटुंबांची हीच स्थिती आहे. खिडकीतून पदपथावर तार सोडावी, तर अंध व वृद्ध अडखळतात. म्हणून २००६ मध्ये वेस्टमिन्स्टर नगरपालिकेच्या हद्दीत रस्त्याकडेला चार्जिंगचे खांब उभे राहिले. त्यानंतरची युक्ती अधिक सोपी होती. रस्त्यावरील सोडियमचे दिवे जाऊन एलईडी दिवे आले. त्यांस वीज थोडी पुरते. दिव्याच्या खांबापर्यंत आलेल्या तारेची उरलेली शक्ती मोटारीस द्यावी, असे ठरले. २०२० मध्ये सदरलँड अॅव्हेन्यू या रस्त्यावरील चोवीस दिव्यांचे खांब असे सज्ज झाले. खोदकाम फारसे नाही, नवा अडथळा नाही.

तथापि न्याय पुरा झाला नाही. ब्रिटनमध्ये घरगुती विजेवर ५ टक्के, तर सार्वजनिक चार्जिंगवर २० टक्के कर, असा भेद अनेक वर्षे चालत आला. ज्यास अंगण नाही, त्याच्यावरच अधिक भार!

पणजीचा मळा, बेळगावच्या गल्ल्या, इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस हे परके वाटणार नाही. तेथील उंबरठा ओलांडला की रस्ताच लागतो. स्कूटरची बॅटरी काढता येत असली, तर ती माडीवर नेता येते. मोटारीची नेता येत नाही. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, तिला परवाना नको, असे भारत सरकारने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या आदर्श बांधकाम नियमांनी वाहनतळातील वीस टक्के जागेस चार्जिंगची सोय असावी असे सुचविले. दोन्ही गोष्टी स्तुत्य होत. परंतु ज्या घरास वाहनतळच नाही, त्याच्या वीस टक्क्यांचा हिशेब कसा करावयाचा?

आमच्या मते उत्तर लंडनच्या दिव्याच्या खांबात आहे. रस्त्यावरचा दिवा लावताना कोणत्याही नगरपालिकेने 'हा कोणाच्या अंगणातला?' असे विचारले नाही. तो सर्वांचा म्हणूनच लागला. जुन्या गल्लीत विजेची मोटार यावयाची असेल, तर तिची वीजही त्याच न्यायाने व घरच्याच दराने आली पाहिजे.