काळ्या घोड्यावरचा स्वार उतरला, पण वारसा कोणाचा?

मुंबईच्या फोर्ट भागात वारसा जपण्याचे काम गेली तीस वर्षे पद्धतशीरपणे चालू आहे. हे काम सरकारने आपणहून केलेले नाही. स्थानिक रहिवासी, वास्तुरचनाकार, दुकानदार, कलादालने चालवणारे लोक एकत्र आले, त्यांनी संस्था काढल्या, महापालिकेच्या मागे लागले, कोर्टकचेऱ्या केल्या, पैसा उभा केला. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली आणि इमारतींच्या श्रेणी ठरल्या. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीपासून तिचा कला महोत्सव सुरू झाला. महोत्सवातून जमणाऱ्या पैशातून परिसरातील इमारतींची आणि रस्त्यांची दुरुस्ती होऊ लागली. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांना शिस्त लागली. ओव्हल मैदान तिथल्या रहिवाशांनी लढून वाचवले. अखेर २०१८ साली युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलीच्या ९४ इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या कामाला नावे ठेवायचे कारण नाही. बिल्डरांच्या तावडीत सापडलेल्या शहरात एक अख्खा भाग वाचला, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न पुढचा आहे. वाचवलेल्या या भागाची ओळख करून देताना कोणाची गोष्ट सांगितली जाते आणि कोणाची गाळली जाते?

प्रचलित गोष्ट अशी आहे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली. मोकळ्या झालेल्या जागेवर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून विद्यापीठाच्या इमारती उठल्या, १८७८ साली राजाबाई टॉवर पूर्ण झाला, शेजारी हायकोर्ट उभे राहिले. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने टॉवरला पैसा दिला. ससून कुटुंबाने वाचनालयाला पैसा दिला आणि घोड्यावर बसलेल्या इंग्लंडच्या युवराजाचा पुतळाही दिला. म्हणजे या गोष्टीत तीनच पात्रे आहेत: राज्यकर्ता, वास्तुरचनाकार आणि दानशूर शेठ.

आता हा पैसा आला कुठून ते पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. ते गुलामगिरीच्या प्रश्नावरचे युद्ध होते. गुलामांच्या घामावर पिकणारा दक्षिणेतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईचे दलाल गबर झाले. ससून घराण्याच्या संपत्तीत कापसाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचाही वाटा होता. एका खंडातल्या गुलामाची बेडी आणि दुसऱ्या खंडातल्या कुणब्याचे कष्ट, दोन्ही या नक्षीदार दगडांच्या पायात आहेत. कुर्ला, मालाड आणि पोरबंदरहून आलेला दगड कोणी तरी खाणीत फोडला, कोणी तरी डोक्यावरून वाहिला. आराखडा काढणाऱ्याचे नाव प्रत्येक माहितीपुस्तकात आहे. दगड फोडणाऱ्याच्या जातीचाही उल्लेख नाही. ज्या समाजात श्रमाची प्रतिष्ठा जातीवरून ठरते, तिथे ही गाळणूक आपोआप होते. तिच्यासाठी कोणाला कट करावा लागत नाही.

पण आपला मुद्दा फक्त श्रमाचा नाही. हा परिसर बाबासाहेबांच्या लढ्याचाही परिसर आहे. चार ठिकाणे पाहू.

पहिले ठिकाण एल्फिन्स्टन कॉलेज. काळ्या घोड्याच्या अगदी समोर. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा परळच्या चाळीतला विद्यार्थी याच कॉलेजात शिकला आणि १९१२ साली बी.ए. झाला. चरित्रकारांनी नोंदवले आहे की कॉलेजातला ब्राह्मण हॉटेलवाला त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. वर्ग उघडा, ग्रंथालय उघडे, पण पाण्याचा पेला बंद. गॉथिक कमानींच्या आत जात कशी राहत होती हे याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

दुसरे ठिकाण हायकोर्ट. बॅरिस्टर होऊन आल्यावर बाबासाहेबांनी १९२३ पासून इथे वकिली केली. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरच्या खटल्यात ते इथेच कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. पण या इमारतीचे आपल्याशी असलेले सर्वांत मोठे नाते महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे आमचे, वहिवाट आमची, अस्पृश्यांना तिथे हक्क नाही, असा तो दावा. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात जात तो शेवटी मुंबई हायकोर्टात आला आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने तो फेटाळला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे दावा करणाऱ्यांना सिद्ध करता आले नाही, या मुद्द्यावर हा निकाल लागला. कोर्टाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली असे मात्र कोणी समजू नये. ते काम संविधानाच्या १७ व्या कलमाने केले. तरीही ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्याच्या कागदावर उमटला तो याच इमारतीत. सत्याग्रह ते निकाल, दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी.

तिसरे ठिकाण जुना कौन्सिल हॉल. रीगल सिनेमासमोरची ही इमारत मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेली. १९२८ साली सरकारने ती विधिमंडळासाठी घेतली. पुढे अनेक दशके प्रांताचे आणि नंतर महाराष्ट्राचे कायदे इथे झाले. आज तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. कोकणातल्या खोतीने कुळांना पिळून काढले होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्याच्या अधिवेशनात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकार हालेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा याच कौन्सिल हॉलच्या दिशेने निघाला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. जातीच्या भिंती ओलांडून कष्टकऱ्याने सत्तेच्या दारावर दिलेली ती थाप होती. खोती कायद्याने जायला त्यानंतरही १९४९ साल उजाडावे लागले. या इमारतीची ओळख 'खलाशांचे जुने निवासस्थान, वास्तुशैली अमुक' एवढ्यावर संपवणे म्हणजे त्या शेतकऱ्यांना दुसऱ्यांदा दारातून परत पाठवणे आहे.

चौथे ठिकाण दादाभाई नौरोजी रस्त्यावरचे सिद्धार्थ महाविद्यालय, म्हणजे आनंद भवन आणि बुद्ध भवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली हे महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करून शिकू पाहणाऱ्या मुलांना इथे जागा मिळाली. ज्या रस्त्यावर बँका, विमा कंपन्या आणि व्यापारी पेढ्या आहेत, त्याच रस्त्यावर बाबासाहेबांनी कॉलेज थाटले. शिक्षण गावकुसाबाहेर नको, शहराच्या ऐन मध्यात हवे, हा त्यामागचा अर्थ आपण वाचायला हवा.

आता विरोधकांचे तीन आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप असा की वारसा म्हणजे वास्तुकला, त्यात राजकारण आणू नका. पण राजकारण आम्ही आणलेले नाही, ते आधीपासून तिथेच आहे. दात्याचे नाव दगडावर कोरणे हे राजकारणच आहे. हायकोर्टातही १९०८ च्या लोकमान्य टिळकांच्या खटल्याची आठवण म्हणून त्यांचे शब्द कोरलेला फलक आहे. तो असलाच पाहिजे. पण मग एका खटल्याची स्मृती त्या भिंतीला शोभते आणि चवदार तळ्याच्या खटल्याची शोभणार नाही, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल? जवळच हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि त्यावर शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. शेजारी फ्लोरा फाउंटन आहेच. कारंज्याचे सौंदर्य त्या स्मारकाने कमी झाले नाही.

दुसरा आक्षेप असा की बाबासाहेबांची स्मारके पुष्कळ आहेत, आता फोर्टमध्ये कशाला? हा आक्षेप नीट तपासला पाहिजे. चैत्यभूमी दादरला, राजगृह दादरला, इंदू मिलचे स्मारक दादरला. ती आपली श्रद्धास्थाने आहेत. पण 'तुमचे तिकडे आहे ना, मग इकडे कशाला' हे वाक्य आपल्या पूर्वजांनी पाणवठ्यावर ऐकलेले वाक्य आहे. गावाचा पाणवठा वेगळा आणि महारवाड्याचा वेगळा, तसा शहराचा वारसा फोर्टमध्ये आणि दलितांचा वारसा दादरमध्ये, ही विभागणी मान्य केली की इतिहासातही गावकूस उभे राहते. आम्हाला इथे नवा पुतळा नको आहे. जिथे जे घडले तिथे ते लिहिलेले हवे आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे. पाटीने पोट भरत नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, खासगीकरणाने आरक्षण पोकळ होत चालले आहे, अशा वेळी फलक कसले लावता? ही चीड खरी आहे. पण हक्काची लढाई आणि स्मृतीची लढाई एकमेकींच्या आड येत नाहीत. ज्या समाजाला आपण या शहराचे घडवणारे आहोत हे ठाऊक नसते, त्याला या शहरात भाडेकरूसारखे वागवणे सोपे जाते.

बाहेरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. बाबासाहेब १९१३ साली ज्या न्यूयॉर्कमध्ये उतरले, त्याच शहराच्या जुन्या, दक्षिण टोकाच्या भागात १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना काळ्या लोकांची जुनी दफनभूमी सापडली. अठराव्या शतकात गुलाम आणि मुक्त काळी माणसे तिथे पुरली जात होती. सरकारला काम पुढे रेटायचे होते. काळ्या नागरिकांनी आंदोलन केले, आराखडा बदलायला लावला. ४०० हून अधिक माणसांचे अवशेष २००३ साली सन्मानाने पुन्हा दफन झाले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक ठरली. जगाचा पैसा जिथे फिरतो त्या वॉल स्ट्रीटवर अठराव्या शतकात गुलामांचा बाजार भरत होता. २०१५ साली शहराने तसा फलकही लावला. वॉल स्ट्रीटचे त्याने काही बिघडले नाही. खरे सांगणारा एक फलक तिथे वाढला, इतकेच.

म्हणून मागणी साधी आहे. या चारही ठिकाणी, रस्त्यावरून चालणाऱ्याला वाचता येतील असे फलक लागावेत, आणि त्यांत मराठी पहिली असावी. १७ मार्च हा चवदार तळे निकालाचा दिवस आणि १० जानेवारी हा शेतकरी मोर्च्याचा दिवस, या दोन दिवशी या भागात मराठीतून वारसाफेऱ्या निघाव्यात. परिसरात काम करणाऱ्या संस्थांनी आपल्या नकाशांत ही ठिकाणे घ्यावीत. त्यांनी घेतली नाहीत तर नकाशा आपण छापावा. दर ६ डिसेंबरला लाखो लोक मुंबईत येतात. त्यातले कितीतरी सीएसएमटीला उतरतात, जवळच्या इमारती मान वर करून पाहतात आणि दादरकडे निघून जातात. त्यांच्या हातात एक पानी नकाशा देणे विद्यार्थ्यांच्या एका गटालाही जमेल. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

१९६५ साली युवराजाचा पुतळा चौकातून हलवून भायखळ्याच्या बागेत नेला गेला. २०१७ साली त्या परिसरात नवा काळा घोडा बसवला, पण त्यावर स्वार ठेवला नाही. राजा नको, घोडा हवा, असे ठरवणारे लोक शहाणे होते. घोड्यावर बसवायला आपल्याकडेही कोणी नाही. आपला माणूस त्या घोड्यासमोरच्या कॉलेजात तहानलेला बसून शिकत होता, एवढे तिथे लिहा.