कादंबरीचं कॉमिक कसं होतं? 'सिटी ऑफ ग्लास' आणि नऊ चौकटी

'पुस्तकातलं सगळं घेतलंय का?'

गाजलेल्या कादंबरीवर कॉमिक आलं की कमेंट्समध्ये पहिला प्रश्न हाच असतो. जरा ढोबळ हिशेब करून बघा. दोनशे पानांच्या कादंबरीत पन्नास-साठ हजार शब्द सहज असतात. कॉमिकच्या पानावर शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर मजकूर गेला की चित्राचा श्वास कोंडतो. म्हणजे दीडशे पानांच्या कॉमिकमध्ये मूळ पुस्तकातले निम्म्याहून जास्त शब्द गळणारच. मग त्या गेलेल्या शब्दांचं काम करायचं कोणी?

याचं उत्तर शोधायला एक जुनं उदाहरण अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. अमेरिकी लेखक पॉल ऑस्टर यांची 'सिटी ऑफ ग्लास' ही कादंबरी १९८५ मध्ये आली. १९९४ मध्ये पॉल कारासिक आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी तिचं कॉमिक केलं. साहित्यकृतींवरच्या कॉमिक्सची चर्चा निघाली की हे नाव निघतंच.

आधी गोष्ट काय आहे?

न्यूयॉर्कमध्ये डॅनियल क्विन नावाचा एक लेखक एकटा राहतो. बायको आणि मुलगा दोघंही गेलेत. टोपणनावानं रहस्यकथा लिहून त्याचं पोट भरतं. एका रात्री त्याला राँग नंबर येतो. पलीकडच्या माणसाला 'पॉल ऑस्टर' नावाचा डिटेक्टिव्ह हवा असतो. (हो, लेखकाचंच नाव.) आधी नाही म्हणणारा क्विन नंतरच्या एका फोनवर म्हणतो, मीच ऑस्टर.

काम असतं एका म्हाताऱ्यावर पाळत ठेवण्याचं. या स्टिलमन नावाच्या प्राध्यापकानं आपल्या मुलाला, पीटरला, नऊ वर्षं अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवलेलं असतं. माणसाची भाषा कानावर पडलीच नाही तर मूल आपोआप देवाची मूळ भाषा बोलेल, असा त्याचा समज. आता तो सुटून आलाय आणि मुलाला जिवाची भीती आहे.

वरवर डिटेक्टिव्ह स्टोरी, पण पुस्तकाचा खरा विषय भाषा हा आहे. शब्द आणि वस्तू यांचं नातं तुटलं तर माणसाचं काय होतं, हे ऑस्टर यांना बघायचं होतं. पाठलाग, बंदूक, मारामारी यातलं चित्रात काढण्यासारखं फार काही इथे नाही.

मग हीच कादंबरी का निवडली?

अवघड आहे म्हणूनच! 'माऊस' या कॉमिकसाठी १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळवणारे आर्ट स्पीगलमन या मालिकेचे एक संपादक होते. 'निऑन लिट' असं मालिकेचं नाव. गंभीर लेखकांनी कॉमिकसाठी नव्या गोष्टी लिहाव्यात, ही त्यांची मूळ इच्छा होती. ते जमलं नाही, तेव्हा तयार कादंबरी घ्यायचं ठरलं. चित्रात येणारच नाही असं वाटणारं पुस्तक घेतलं, तर निदान नुसतं सचित्र सारांश-पुस्तक होणार नाही, हा त्यामागचा विचार.

चित्रं काढायला आले मॅझुकेली. बॅटमॅन वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. फ्रँक मिलर यांनी लिहिलेल्या 'बॅटमॅन: इयर वन'ची चित्रं त्यांचीच. हात तयार, गोष्टही समोर. तरी सुरुवातीचे प्रयत्न जमेनात. कथानक कागदावर उतरत होतं, पण पुस्तक वाचताना जे अस्वस्थ करतं ते काही त्यात येत नव्हतं.

मला वाटतं, बहुतेक रूपांतरं याच टप्प्यावर 'पूर्ण झाली' म्हणून छापली जातात. चौकटीच्या वर लिहिलेलं असतं 'तो जिना चढला', आणि खाली चित्रात माणूस जिना चढताना दिसतो. वाचकाला एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

स्पीगलमन यांनी मग आपल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणजे कारासिक. इथे एक गमतीशीर योगायोग आहे. कारासिक ब्रुकलिनमधल्या एका शाळेत शिकवायचे आणि ऑस्टर यांचा मुलगा त्यांचा विद्यार्थी होता. त्या निमित्तानं त्यांनी 'सिटी ऑफ ग्लास' वाचली होती आणि कोणीही सांगितलेलं नसताना, काही वर्षं आधीच, तिचं कॉमिक कसं होईल याची स्केचेस वहीत करून ठेवली होती.

नऊ चौकटींनी काय केलं?

कारासिक यांनी पूर्ण कादंबरीचा कच्चा ले-आउट केला. त्याचा पाया एकच: प्रत्येक पानावर तीन बाय तीन, म्हणजे नऊ सारख्या चौकटी. कधी दोन-तीन जोडून मोठी चौकट होते, पण मागचा सांगाडा तोच राहतो.

नऊ चौकटींचं पान ही काही त्यांची नवी कल्पना नव्हती. 'वॉचमेन'मध्ये ते आधीच गाजलं होतं. इथे फरक असा की त्या जाळीलाच अर्थ आला. ती खिडकी होते, तुरुंगाचे गज होते आणि वरून बघितलेलं मॅनहॅटनही होते, कारण तिथले रस्ते एकमेकांना काटकोनात छेदणारे. शिवाय तिला एक ठेका आहे. क्विनचं आयुष्य ज्या यांत्रिक शिस्तीत चालतं, तीच शिस्त प्रत्येक पानावर डोळ्यांना जाणवत राहते.

सुरुवातीचंच एक पान घ्या. कादंबरीत तिथे असं वर्णन आहे की क्विन शहरभर भटकतो आणि न्यूयॉर्क त्याला भूलभुलैयासारखं वाटतं. तो शहरात हरवतो आणि स्वतःतही. साधा चित्रकार काय काढेल? रस्त्यावरून चालणारा उदास माणूस. कॉमिकमध्ये मजकूर चालण्याबद्दल बोलतो, पण चित्रात वेगळंच घडत असतं. इमारतींच्या रेषा चौकटीगणिक बदलत जातात आणि त्यांचा भूलभुलैया होतो. त्या भूलभुलैयाच्या रेषा वळत वळत बोटाचा ठसा होतात. मग नजर मागे सरकते आणि कळतं, की हा खिडकीच्या काचेवरचा ठसा आहे. शहर, चक्रव्यूह आणि माणसाची ओळख एकाच पानात एकमेकांत मिसळतात. हे वाक्य मूळ पुस्तकात कुठेच नाही. पण पुस्तकाचं म्हणणं नेमकं हेच आहे.

सगळ्यात अवघड भाग होता पीटरच्या बोलण्याचा. कोंडून वाढलेला हा मुलगा तुटक, अडखळत, कळसूत्री बाहुलीसारखा बोलतो. कादंबरीत जवळजवळ एक पूर्ण प्रकरण त्यानं व्यापलंय. खुर्चीत बसून बोलणारा माणूस पानामागून पान काढत राहिलं तर वाचक कंटाळेल. तोडगा असा निघाला की फुग्याचं शेपूट पीटरच्या तोंडात शिरतं, घशातून आत जातं, आणि मग बोलणारा पीटर राहतच नाही. होडीतला नावाडी बोलतो, ग्रामोफोन बोलतो, शेवटी टाकून दिलेली बाहुली बोलते. आवाज त्याचा, पण माणूस आतून रिकामा. बोलण्याचा फुगा ही फक्त कॉमिककडे असलेली गोष्ट, आणि भाषा हरवलेल्या पात्रासाठी तीच वापरली गेली.

एक प्रसंग असा आहे, जिथे ऑस्टर यांनाही चित्राची मदत घ्यावी लागली होती. म्हातारा स्टिलमन रोज ज्या वाटेनं फिरतो ती क्विन नकाशावर काढतो, तेव्हा रोजच्या वाटेचं एक अक्षर होतं आणि 'टॉवर ऑफ बॅबेल' हे शब्द जुळू लागतात. त्या वाटांच्या आकृत्या मूळ कादंबरीतही छापल्या आहेत.

आणि शेवट? क्विनचं भान सुटत जातं तशी ती शिस्तीची जाळीही सुटते. चौकटी तिरक्या होतात, पानावरची जागा सोडतात. शंभरहून जास्त पानं जपलेला ठेका मोडल्यामुळे एकही शब्द न वाचता वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते. पहिल्या पानापासून चौकटी हव्या तशा काढल्या असत्या तर हा धक्का देताच आला नसता.

म्हणजे चौकटी हव्यातच का?

तसं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुभवांवरचं 'भीमायन' (२०११) आठवा. ती कादंबरी नाही, आत्मकथनावरचं काम आहे. त्याची चित्रं काढणाऱ्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी आपल्या माणसांना डब्यात कोंडायला नकार दिला. त्यांच्या पानांवर काटकोनी चौकटींऐवजी गोंड भित्तिचित्रांतल्या 'डिगना' नक्षीची वळणं आहेत. जिथे गोष्टच पाणी नाकारण्याची, वाट अडवण्याची आहे, तिथे मोकळं पान हाही एक निर्णय असतो.

श्रेय कोणाचं?

'सिटी ऑफ ग्लास'मध्ये कारासिक यांच्या दाट स्केचेसवर मॅझुकेली यांनी पुन्हा काम केलं, ती आणखी सुटसुटीत केली आणि अंतिम काळी-पांढरी चित्रं काढली. पुस्तकावर दोघांची नावं रूपांतरकार म्हणून आहेत. हे मुद्दाम सांगायचं कारण, ले-आउट हे काम वाचकाला दिसत नाही. इन्स्टाग्रामवर फिरतं ते देखणं चित्र. ते चित्र पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आणि कशाच्या नंतर यावं, हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखीच राहतो.

'सिटी ऑफ ग्लास' हा ऑस्टर यांच्या 'न्यूयॉर्क ट्रिलॉजी'चा पहिला भाग. उरलेल्या दोन भागांचं कॉमिक यायला तीस वर्षं लागली. 'घोस्ट्स' इटलीच्या लोरेन्झो मात्तोत्ती यांनी केलं, 'द लॉक्ड रूम' कारासिक यांनीच, आणि २०२५ मध्ये तिन्ही भाग एकत्र आले. ऑस्टर यांचं निधन त्याच्या आदल्या वर्षी, ३० एप्रिल २०२४ रोजी झालं होतं.