विकतची घाणेरी

गेल्या रविवारी मी शंभर रुपये मोजून एक झुडूप विकत आणले. नर्सरीवाल्याने नाव सांगितले 'लँटाना'. केशरी-पिवळ्या फुलांचे झुबके, नाव विलायती. मी घासाघीससुद्धा केली नाही. चार दिवसांनी पन्हाळ्याच्या पायथ्याहून आत्या आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "अरं, ही घाणेरी न्हवं? इकत आणलीस व्हय?"

वीस वर्षे बँकेत खोट्या नोटा ओळखणारा मी! मग वाचणे आलेच. बाई मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेची. सतराव्या शतकात डचांनी तिला युरोपात नेले, १७५३ साली लिनियसने बारसे केले आणि १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी शोभेसाठी ती कलकत्त्याच्या शिबपूर बागेत लावली. फळे पाखरांनी खाल्ली आणि पुढची शाखाविस्ताराची कामे विनावेतन केली. आज देशातल्या सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगलात ती आहे, म्हणजे निम्मा महाराष्ट्रच! चक्रवाढ व्याज मी बी.कॉम.ला शिकलो, कळले आत्ता. १९४१ साली तिच्यावर सोडायला ऑस्ट्रेलियातून एक किडाही आणला होता. पाने वाळली, पावसाळ्यात बाई पुन्हा हिरव्यागार.

शाळेच्या नाटकात मी मावळा होतो. पन्हाळा ते विशाळगड हा सगळा प्रवास मी खऱ्या घाणेरीच्या फांद्यांआडून, अंग खाजवत केला. १६६० साली ती हिंदुस्थानात नव्हतीच, हे गुरुजींना कोण सांगणार?

आत्याचा इतिहास मात्र वेगळा. एका उन्हाळ्यात गायरानात दुसरे काही उरले नव्हते, म्हणून तिची गाय घाणेरीच चरली. डोळे पिवळे पडले, उन्हाने कातडी सोलवटली, आठवड्यात गेली. पाल्यातल्या विषाने यकृत बिघडते आणि मग ऊन सोसत नाही, हे मी पुस्तकात वाचले. आत्याला गाय देऊन कळले होते. गाय कर्जाची होती. विम्याच्या अर्जात 'मृत्यूचे कारण' या रकान्यात 'आजार' असे मीच लिहिले होते.

आत्याने ते झुडूप मुळासकट उपटले, गच्चीवर उन्हात टाकले आणि कुंडी धुऊन तुळशीसाठी पिशवीत घातली. शेंड्याला चार काळी फळे होती. ती मात्र सकाळीच बुलबुल खाऊन गेला होता.