अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि विद्यार्थी-साहाय्य सेवा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९०१ ते २०२२)

प्रस्तावना

उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने विद्यापीठांची स्थापना, अभ्यासक्रम आणि प्रवेशाचा हक्क यांकडे वेधले जाते. प्रवेश मिळाल्यानंतर विद्यार्थी कोठे राहतो, काय खातो, महाविद्यालयापर्यंत कसा पोहोचतो आणि त्याच्या लहान मुलांना कोण सांभाळते, हे प्रश्न मात्र दीर्घकाळ त्याचे खासगी प्रश्न मानले गेले. या दृष्टीने अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजचा इतिहास उद्बोधक आहे. दोन वर्षांचे शिक्षण, अल्प शुल्क, परिसरातील विद्यार्थी आणि सर्वांना खुला प्रवेश ही या संस्थेची ठळक वैशिष्ट्ये होत. ही संस्था 'आईवडिलांच्या घरी राहणारा विद्यार्थी' या गृहीतकावर उभी राहिली आणि तिच्यातील साहाय्य सेवांचा इतिहास म्हणजे हे गृहीतक टप्प्याटप्प्याने मोडत गेल्याचा इतिहास होय, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

१. घराच्या आधारावर उभे राहिलेले महाविद्यालय

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये पहिले टिकून राहिलेले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज सुरू झाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन हे या प्रयोगाचे प्रवर्तक होते. पहिल्या तुकडीत अवघे सहा विद्यार्थी होते. हायस्कूलच्याच इमारतीत विद्यापीठीय अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे पूर्ण करण्याची सोय करावी, अशी ही कल्पना होती. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये कायदा करून हायस्कूलांना असे वर्ग चालविण्याची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे त्यानुसार वर्ग सुरू झाले. १९२० मध्ये या महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

ही व्यवस्था स्वस्त होती, याचे कारण तिच्या रचनेतच होते. बहुतेक ठिकाणी वसतिगृह नव्हते. विद्यार्थ्याचे जेवण, निवास आणि देखभाल यांचा खर्च त्याचे कुटुंब उचलत असे. हा खर्च नाहीसा झालेला नव्हता; तो केवळ संस्थेच्या हिशेबवहीत दिसत नव्हता. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने १९३७ मध्ये विद्यार्थी-सेवांविषयी एक महत्त्वाचे निवेदन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याचा विचार केवळ बुद्धीपुरता न करता संपूर्ण व्यक्ती म्हणून करावा, असे त्यात प्रतिपादन होते. समुपदेशनाबरोबर निवास आणि भोजन यांचाही समावेश त्यातील सेवांच्या यादीत होता. तथापि ही दृष्टी मुख्यतः निवासी विद्यापीठांत रुजली. ज्युनियर कॉलेजच्या वाट्याला तिच्यातील चाचण्या आणि समुपदेशन एवढाच भाग प्रामुख्याने आला.

२. सैनिकांचा कायदा आणि ट्रुमन आयोग

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. २२ जून १९४४ रोजी संमत झालेल्या 'जी. आय. बिल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क व पुस्तकांचा खर्च देऊ केला. त्याशिवाय अविवाहितास दरमहा ५० डॉलर आणि अवलंबून असणारे कुटुंब असल्यास ७५ डॉलर निर्वाहभत्ता ठरविण्यात आला. सुमारे २२ लाख माजी सैनिकांनी या कायद्याच्या आधारे महाविद्यालयीन शिक्षण घेतले. या तरतुदीचे ऐतिहासिक महत्त्व आकड्यांपेक्षा तिच्यामागील तत्त्वात आहे. विद्यार्थी हा कुटुंबवत्सल प्रौढ असू शकतो आणि त्याच्या उदरनिर्वाहाची सोय हा शिक्षणखर्चाचाच भाग आहे, हे शासनाने येथे मान्य केले. अर्थात कायद्याची अंमलबजावणी स्थानिक यंत्रणांच्या हाती असल्यामुळे, विशेषतः दक्षिणेकडील कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा न्याय्य वाटा मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

१९४७ मध्ये जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखालील ट्रुमन आयोगाने आपला अहवाल सादर केला. 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा या अहवालामुळे सर्वतोमुखी झाली. हायस्कूलनंतरची दोन वर्षे विनाशुल्क असावीत आणि महाविद्यालयाने परिसरातील सर्व वयोगटांच्या गरजा भागवाव्यात, अशी आयोगाची शिफारस होती. मात्र सैनिकांना मिळालेल्या निर्वाहभत्त्याचे तत्त्व सर्वसामान्य विद्यार्थ्याला लागू झाले नाही. महाविद्यालयाचे दार उघडले. आत आल्यावर टिकून कसे राहायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

३. समुपदेशन : आधार की गाळणी?

१९६० हे वर्ष या संदर्भात दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या 'मास्टर प्लॅन'ने विद्यापीठांचे प्रवेश गुणवत्तेनुसार मर्यादित केले आणि उर्वरित सर्वांसाठी ज्युनियर कॉलेज खुले ठेवले. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांचा सॅन होजे येथील महाविद्यालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठात जाण्याची आकांक्षा घेऊन आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना प्रवेश चाचण्या, उद्बोधन वर्ग, समुपदेशकाच्या भेटी आणि परिवीक्षा या मार्गांनी हळूहळू कनिष्ठ पर्यायाकडे वळविले जाते, असे त्यांनी दाखवून दिले. या प्रक्रियेसाठी क्लार्क यांनी योजलेल्या शब्दाचा भावार्थ 'थंड करणे' असा आहे. अपयश संस्थेचे न दिसता विद्यार्थ्याच्या मर्यादेचे भासावे, हा तिचा परिणाम होता.

क्लार्क यांच्या विवेचनाचे मोल असे की, साहाय्य सेवा नेहमीच विद्यार्थ्याच्या बाजूच्या असतात, हा समज त्यामुळे टिकत नाही. समुपदेशकाची खोली एकच असते. पण तेथे विद्यार्थ्याची आकांक्षा वाढविली जाते की आटविली जाते, हे संस्थेचे उद्दिष्ट, निधी आणि एका समुपदेशकामागील विद्यार्थिसंख्या यांवर अवलंबून असते.

४. चळवळींनी मिळविलेल्या सेवा

१९६० च्या दशकात नागरी हक्क चळवळीने हा प्रश्न राजकीय पटलावर आणला. दारिद्र्यनिर्मूलनाच्या संघराज्यीय धोरणातून १९६४ मध्ये 'अपवर्ड बाउंड', १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातून 'टॅलेंट सर्च' आणि १९६८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी विशेष साहाय्य सेवा असे तीन कार्यक्रम आकारास आले. तिन्ही मिळून त्यांना 'ट्रायो' हे नाव पडले. १९७२ मध्ये सुरू झालेले आणि १९८० पासून 'पेल ग्रँट' म्हणून ओळखले जाणारे अनुदान थेट गरजू विद्यार्थ्याला मिळू लागले.

कॅलिफोर्नियात १९६९ च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांत विस्तारित संधी कार्यक्रम सुरू झाला. तो 'ईओपीएस' या आद्याक्षरांनी परिचित आहे. पुस्तकांसाठी मदत, अनुदान, शिकवणी आणि आपल्या समाजाची जाण असलेला समुपदेशक या गोष्टी त्यात एकत्र आल्या. १९८२ मध्ये त्याला एकल पालकांसाठीच्या 'केअर' कार्यक्रमाची जोड मिळाली आणि पाळणाघर व प्रवासखर्च या बाबी शैक्षणिक गरजांच्या यादीत आल्या.

न्यूयॉर्कमधील घडामोडी अधिक संघर्षमय होत्या. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजच्या परिसराचा ताबा घेतल्यानंतर १९७० मध्ये सिटी युनिव्हर्सिटीने खुला प्रवेश लागू केला. दक्षिण ब्रॉन्क्समधील पोर्तोरिकन समाजाच्या मागणीतून १९६८ मध्ये होस्टोस कम्युनिटी कॉलेजची स्थापना झाली. आर्थिक संकटाच्या काळात, १९७६ मध्ये, ते दुसऱ्या महाविद्यालयात विलीन करण्याचा घाट घातला गेला. तेव्हा विद्यार्थी, प्राध्यापक आणि रहिवासी यांनी इमारतीचा ताबा घेऊन ते वाचविले. सामाजिक संसाधन म्हणजे केवळ देणगी किंवा स्वयंसेवी संस्था नव्हे, तर आपले महाविद्यालय आपले म्हणून राखणारा समाज होय, हे या प्रसंगातून दिसते.

१९८१ मध्ये हेवर्ड येथील शाबो कॉलेजात सुरू झालेला 'पुएन्ते' प्रकल्प याच जाणिवेचा विधायक आविष्कार होता. पुएन्ते म्हणजे सेतू. मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी लेखनाचा वर्ग, समुपदेशक आणि त्याच समाजातील व्यावसायिक मार्गदर्शक ही त्याची त्रिसूत्री होती. क्लार्क यांनी वर्णिलेल्या समुपदेशनाच्या अगदी उलट दिशेने, विद्यार्थ्याला विद्यापीठापर्यंत पोहोचविणे हे येथे समुपदेशकाचे काम ठरले.

५. आर्थिक आकुंचन

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काळ पालटला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने प्रथमच शिक्षणशुल्क आकारले. कॅलिफोर्नियात १९७८ च्या सार्वमताने मालमत्ता करावर मर्यादा आल्या. स्थानिक करावर पोसलेल्या महाविद्यालयांचा पाया त्यामुळे खचला आणि १९८४ पासून तेथेही शुल्क सुरू झाले. संघराज्याच्या अन्नसाहाय्य योजनेतून बहुसंख्य विद्यार्थ्यांना वगळणारे नियम १९८० च्या दुरुस्तीने अधिक कडक झाले. आठवड्याला २० तास काम किंवा लहान मुलाची जबाबदारी अशा काही अटींत बसणाऱ्यांनाच सवलत राहिली. विद्यार्थ्याला त्याचे आईवडील पोसतात, हे १९०१ चेच गृहीतक येथे कायद्याच्या भाषेत परतले होते. १९९६ च्या समाजकल्याण सुधारणा कायद्याने 'आधी काम' हे सूत्र स्वीकारल्यामुळे अनेक एकल मातांना शिक्षण सुरू ठेवणे कठीण झाले.

६. अन्न, निवारा आणि 'असॅप'चा धडा

२००८ च्या मंदीनंतर महाविद्यालयांच्या आवारात धान्य व खाद्यपदार्थ मोफत देणारी केंद्रे झपाट्याने वाढली. सारा गोल्डरिक-रॅब आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दहा कम्युनिटी कॉलेजांच्या पाहणीतून दाखवून दिले की, उत्तर देणाऱ्या सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांना अन्न किंवा निवाऱ्याची विवंचना होती. २०१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदविले की, २०१६ मध्ये अन्नसाहाय्यास संभाव्यतः पात्र असलेल्या जवळपास २० लाख विद्यार्थ्यांनी ते मिळत असल्याचे सांगितले नव्हते. नियमांची गुंतागुंत आणि माहितीचा अभाव ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती. सेवा अस्तित्वात असणे आणि ती पोहोचणे यांत किती अंतर असते, हे यावरून लक्षात येते. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात मूलभूत गरजा केंद्र व त्यासाठी जबाबदार कर्मचारी जुलै २०२२ पर्यंत नेमणे बंधनकारक केले.

याच काळातील सर्वांत बोलका प्रयोग म्हणजे न्यूयॉर्कमध्ये २००७ साली सुरू झालेला 'असॅप' कार्यक्रम. पूर्णवेळ शिक्षणाच्या अटीवर विद्यार्थ्यास उर्वरित शुल्काची माफी, पाठ्यपुस्तके, शहर वाहतुकीचा पास, शिकवणी आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार देण्यात आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक निवड करून केलेल्या मूल्यमापनात, तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील विद्यार्थ्यांत ४० टक्के, तर इतरांत २२ टक्के आढळले. दर विद्यार्थ्यामागे खर्च अधिक झाला. परंतु दर पदविकाधारकामागील खर्च कमी ठरला. बसचा पास आणि पुस्तक या वरवर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी एकत्र दिल्या असता काय घडते, याचा हा पुरावा होय.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केले आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने या नावाची योजना राबविली. तिचा भर कौशल्य आणि उद्योगसंबंध यांवर होता. अमेरिकेतून संस्थेचे नाव घेताना तिचा हा दुसरा, साहाय्याचा इतिहासही अभ्यासणे अगत्याचे आहे.

विशेष म्हणजे महाराष्ट्राने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडविला होता. जोलिएटचे कॉलेज सुरू झाले त्याच १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग काढले. त्यांचे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले ते १९४७ मध्ये. अमेरिकेत महाविद्यालय आधी आले आणि भाकरीचा प्रश्न शतकभर मागून चालत राहिला. येथे भाकरी आणि निवारा आधी आला, महाविद्यालय नंतर. खेड्यातून आलेल्या मुलामागे घराचे पाठबळ असेलच असे नाही, हे या धुरिणांनी प्रारंभीच ओळखले होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, खुला प्रवेश आणि शिक्षण पूर्ण करण्याची संधी या दोन भिन्न बाबी आहेत. दुसरी, साहाय्य सेवा केवळ सदिच्छेतून आलेल्या नाहीत. सैनिक, कृष्णवर्णीय, पोर्तोरिकन व मेक्सिकन-अमेरिकन समाज आणि एकल माता यांच्या रेट्यातून त्या घडल्या आणि आर्थिक ताण येताच त्यांच्यावरच प्रथम गदा आली. तिसरी, या सेवा सुट्या सुट्या न देता एकत्रित आणि सहज मिळतील अशा दिल्या, तरच त्या परिणामकारक ठरतात. विद्यार्थ्याची गळती मोजताना त्याच्या गुणांबरोबर त्याच्या जेवणाची, प्रवासाची आणि घराचीही नोंद व्हावी, हा या इतिहासाचा आपल्या महाविद्यालयांना मिळणारा बोध होय.